उतरवलेली गाडी

करकंबला आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये, पूर्वेकडच्या कोपऱ्यात, एक पद्मिनी मोटार होती. चाकं काढलेली, चारी बाजूंनी विटांच्या थप्प्यांवर टेकलेली. बॉनेट उघडलं तर आत इंजिनाची जागा रिकामी, तिथे मांजर व्यायची. मागच्या सीटवर द्राक्षांचे रिकामे क्रेट, टपावर ताडपत्रीची गुंडाळी. २००६च्या दिवाळीनंतर माझ्या काकांनी ही गाडी नव्यासारखी करायची म्हणून खोलायला घेतली. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. २०११ साली अण्णा गेले आणि गाडी खोललेलीच राहिली.

यंदा श्रावणात चुलतभावाचा फोन आला. "हंगामाच्या आत कोपरा मोकळा लागतोय. भंगारवाला तयार हाय, तोडून न्हेतो म्हणतोय." मी गावी गेलो तेव्हा हाच विषय ओसरीवर पुन्हा निघाला. काकू तांदूळ निवडत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण "तोडून" हा शब्द आला तेव्हा त्यांचा हात थांबला.

त्यानंतर दोन महिने मी या एका प्रश्नामागे हिंडलो. अर्धवट राहिलेली जुनी गाडी पुरी करायची, आहे तशी कुणाला द्यायची, की तिचे भाग सुटे करून वाटून टाकायचे? पंढरपूर–टेंभुर्णी रस्त्याच्या दोन्ही अंगांना, अकलूजकडे, बार्शीकडे, मंगळवेढ्याच्या वाटेवर अशा गाड्या दिसतात. नुसत्या रस्त्यावरून दिसत नाहीत, त्यासाठी वस्तीवर आत जावं लागतं. कडुलिंबाखाली अँबॅसेडर, कडब्याच्या गंजीला टेकलेली जीप, गोठ्याच्या पडवीत फियाट. एका वस्तीवर तर चक्क स्टँडर्ड हेरल्ड, मद्रासच्या कारखान्यातली, साठच्या दशकातली. तिच्या टपावर शेणी थापून वाळत घातल्या होत्या. मालकाला विचारलं, विकणार का? "वडिलांची हाय," एवढंच उत्तर. करणार आहात का पुरी? त्यावर ते हसले आणि चहा आला.

या गाड्या इकडे आल्या कशा हे कळलं म्हणजे त्या सुटत का नाहीत तेही कळतं. हा सगळा भाग मूळचा ज्वारीचा. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ती माणसं अजून घराघरांत आहेत. पुढे भीमेवर उजनी धरण झालं, कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, उसामागून द्राक्ष. पहिल्या चांगल्या बिलातून माणसानं विहिरीवर मोटर बसवली, दुसऱ्यातून घर बांधलं आणि मग कुणी जीप आणली, कुणी फियाट. आमची पद्मिनी १९७६ची. पंढरपुरातल्या एका डॉक्टरांनी ती नंबर लावून घेतली होती. त्या काळी गाडीचे पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, तशी त्यांनीही पाहिली होती. अण्णांनी ती १९८५मध्ये त्यांच्याकडून घेतली. डॉक्टरांची गाडी म्हणून गावात तिला आधीपासूनच मान होता. कुर्डुवाडी स्टेशनवरून पाहुणे आणायचे तर ती, नवरदेवाला देवळापर्यंत न्यायचं तर ती, अडलेल्या बाळंतिणीला रात्री पंढरपूरला पोचवायचं तर तीच. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला गिअरची दांडी. तिला सगळे हँडगिअर म्हणत. मधे खाली दांडा नसल्यामुळे पुढच्या सलग सीटवर आरामात तिघं बसत आणि तिसरा नेहमी मी असायचो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा, या लेखाच्या निमित्तानं उमगली. ही गाडी ज्यांनी काढली ते वालचंद हिराचंद सोलापूरचे. २३ नोव्हेंबर १८८२ला त्यांचा जन्म सोलापुरात झाला. जहाजं, विमानं, साखर, बांधकाम सगळीकडे त्यांनी हात घातला. इथून जवळचं इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं. मोटारीचा कारखाना काढायचा म्हणून त्यांनी इंग्रज सरकारकडे किती खेटे घातले. अखेर १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि १९४७मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्यावर जोडलेल्या अमेरिकन गाड्या बाहेर पडू लागल्या. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या फियाटशी करार झाला. मागच्या बाजूला उघडणाऱ्या पुढच्या दारांची, गोल पाठीची "डुक्कर फियाट" त्यातूनच आली आणि १९६४पासून ११०० डीचा सांगाडा आला. तोच १९७२मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाला आणि १९७४मध्ये चितोडच्या राणीच्या नावानं पद्मिनी झाला. वालचंद १९५३मध्येच गेले, पद्मिनी त्यांनी पाहिली नाही. पण सोलापूरच्या माणसानं काढलेल्या कारखान्यातली गाडी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेडमध्ये विटांवर उभी होती, हे मला रुखरुख लावतं.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पद्मिनीचे दिवस भरत आले. आमच्याकडेही १९९८मध्ये नवी गाडी आली, पद्मिनी शेडमध्ये गेली. अण्णांनी ती विकली नाही. २००६मध्ये बेदाण्याला बरा भाव मिळाला तेव्हा त्यांनी पंढरपूरहून मिस्त्री बोलावले आणि गाडी खोलायला घेतली.

खोलायला पंधरा दिवस लागले. ते पंधरा दिवस अण्णा फार आनंदात होते असं काकू सांगतात. रोज संध्याकाळी हाताला ग्रीस, अंगाला रॉकेलचा वास. नट-बोल्ट डालड्याच्या जुन्या डब्यांत, बारीक भाग सुपात, आतली गादी माळवदावर. इथंच पहिली चूक झाली आणि ती मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक अर्धवट गाडीत झालेली आहे. कुठला बोल्ट कुठला, हे लिहून ठेवलेलं नाही. खोलणाऱ्याला वाटतं, आपल्या लक्षात राहील. पंधरा दिवसांत जोडायची असती तर राहिलंही असतं. पण मग गारपीट येते, मुलीचं लग्न ठरतं, बोअरचं पाणी जातं. वर्षानं डबा उघडला तर सगळे बोल्ट सारखेच दिसतात.

दुसरी गोष्ट इंजिनाची. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं ते इंजिन धूर करत होतं. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे. ब्लॉक सोलापुरात एका मशीनशॉपमध्ये दिला. पावती काकूंच्या डब्यात अजून आहे. त्या वर्षी अण्णांचं गुडघ्याचं दुखणं निघालं, जायला आठ-नऊ महिने लागले. गेले तेव्हा दुकान दुसऱ्याच्या हाती होतं आणि आमचा ब्लॉक कुणालाच ठाऊक नव्हता. अण्णा घरी येऊन कुणाला काही बोलले नाहीत. पण त्या दिवसानंतर त्यांनी शेडच्या त्या कोपऱ्यात जाणं सोडलं, हे काकूंच्या लक्षात आलं होतं. गाडी पैशाअभावी थांबली असं आम्ही पुतणे आजवर समजत होतो. ती त्या ब्लॉकपाशी थांबली होती.

तिसरी गोष्ट आमच्या सगळ्यांची. बेदाणा पिवळाधमक राहावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. गंधकाचा धूर हवेतल्या ओलाव्याशी मिसळला की आम्ल तयार होतं आणि ते लोखंडाला खातं. कित्येक हंगाम ती गाडी त्याच छपराखाली उभी होती. बंपरवरचं क्रोम देवीच्या वणांसारखं टिपक्याटिपक्यांनी उठलं आहे. घरात ठेवली, ऊन-पाऊस लागू दिला नाही, असं आम्ही अभिमानानं म्हणत होतो. कडुलिंबाखालच्या त्या हेरल्डचा पत्रा आमच्या गाडीहून बरा आहे.

ऑगस्टअखेर मिस्त्रींना पुन्हा आणलं. आता सत्तरी उलटलेली. अण्णांच्या वेळी गाडी यांनीच खोलली होती. त्यांनी आधी गाडीला हात लावून नमस्कार केला, मग खाली बसून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दाराखालच्या पट्टीला टोचला. जुन्या भाकरीत बोट जावं तसा तो आत गेला. पुढं टोचला, मागं टोचला. डाव्या बाजूला तीन ठिकाणी आरपार. उठून त्यांनी हात पुसले.

"पत्रा गेला तर गेला, डेंटर लावून नवा घालता येतो," मी म्हणालो.

"आवो, हिला येगळी चासी न्हाई. पत्रा हीच चासी. ही पट्टी म्हंजी हिचा कणा हाय."

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण गाडी पुरी करायची की नाही याचं निम्मं उत्तर त्यात आहे. जीपला खाली लोखंडी चौकट असते आणि शरीर तिच्यावर बोल्टनं बसवलेलं. महिंद्रानं स्वातंत्र्यानंतर विलीज जीप मुंबईत जोडायला घेतल्या, तेव्हापासून पुढच्या सगळ्या जुन्या जीपांचं हेच. शरीर कुजलं तर पत्रेवाला नवं बनवतो, चौकट तीच राहते. म्हणून आपल्याकडे मेलेल्या जीपा पुन्हा उठतात. पद्मिनीचा तळ, दाराखालच्या पट्ट्या, खांब आणि टप मिळून एकच पेटी होते आणि तीच सगळा भार घेते. पट्टी कुजली असताना गाडी जॅकवर चढवून दार उघडलं तर ते पुन्हा नीट लागत नाही, कारण पेटीच वाकते. ती दुरुस्त होत नाही असं नाही. होते. पण तळ कापून, माप राखून, आधार देऊन नवा घालायचा तर तसा कारागीर आणि तेवढा पैसा हवा. एवढं करून आमच्या पेटीत घालायला इंजिन नाहीच.

दुसरं इंजिन मिळतं. पण इथं कागद आडवे येतात. नोंदणी पुस्तकात इंजिन नंबर असतो, इंजिन बदललं तर आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागते. नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नवी करायची, आणि आमची १९९१ला एकदा झाली ती शेवटची. एप्रिल २०२२मध्ये जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५००० रुपये झाली, ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला ती १०००० रुपये झाली आणि उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वर. गाडी अजून अण्णांच्या नावावर. वारसाच्या नावावर करायची तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची संमती. आमच्याकडे अण्णांच्या चार बहिणी चार गावांना दिलेल्या.

एक दार मात्र उघडं होतं आणि त्यासाठी मी फार धडपडलो. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारनं जुन्या वारसा-गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, खासगी, मूळ स्वरूपातली गाडी असेल तर तिला "व्हीए" अक्षरांची वेगळी नंबरपट्टी मिळते. २०००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत. रोज फिरवता येत नाही, पण मेळाव्याला, प्रदर्शनाला नेता येते. आमची पद्मिनी २०२६मध्ये पन्नास वर्षांची होणार! एका वर्षानं हुकतेय असं वाटून मी रात्रभर जागा होतो. सकाळी नियम पुन्हा वाचला. चासी, सांगाडा आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा, असं त्यात स्पष्ट आहे. आमच्याकडे सांगाडा कुजलेला आणि इंजिन हरवलेलं.

पण या प्रश्नाची दुसरी बाजू मला पुण्यातल्या एका फियाटवाल्यानं दाखवली. त्यांच्याकडे १९७४ची पद्मिनी आहे, पुरी, चालती, कागद चोख. तिच्या समोरच्या काचेला तडा गेलाय आणि हँडगिअरच्या दांडीखालचे सांधे इतके झिजलेत की दुसरा गिअर टाकताना चौथा पडतो. रबर नवं मिळतं, ब्रेकची वायसरं मिळतात, पण मूळची काच आणि दांडीचे सांधे मिळत नाहीत. पूर्वी मुंबईच्या टॅक्सी होत्या. त्या निकालात निघत आणि त्यांचे भाग कुर्ल्याच्या भंगारबाजारात, पुण्यात नाना पेठेत नि जुन्या बाजारात येत. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३अखेर रस्त्यावरून उतरली. झराच आटला. आता जे काही आहे ते आमच्यासारख्यांच्या शेडमध्ये आहे. ते म्हणाले, "तुमची गाडी भंगारात गेली तर माझीही दोन वर्षांत बसेल." मी याआधी असा विचारच केला नव्हता. मी आमच्या एका गाडीचा जीव वाचवायचा की नाही एवढंच तोलत होतो.

फ्रान्समधली एक गोष्ट मला माहीत होती. रोजे बायों नावाच्या वाहतूक व्यावसायिकानं संग्रहालय काढायचं म्हणून जुन्या गाड्या जमवल्या. सत्तरच्या दशकात धंदा बसला, काही गाड्या विकल्या गेल्या आणि उरलेल्या पश्चिम फ्रान्समधल्या पडवींत, पत्र्याखाली कुजत राहिल्या. २०१४मध्ये त्या सापडल्या, साठेक निघाल्या. फेब्रुवारी २०१५मध्ये पॅरिसला लिलाव झाला तेव्हा कित्येक गाड्या धूळ न पुसता, गंजासकट उभ्या केल्या होत्या. एकट्या एका फेरारीला १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक आले. ही गोष्ट ऐकून माणसं आपल्याकडचा सांगाडाही तसाच सोन्याचा समजून बसतात. ती फेरारी मुळात मूठभरच बनली होती. जगात जी गाडी पाच-पन्नास उरली आहे तिचा बोल्टसुद्धा कुणी सुटा करू नये, गंजासकट जपावी, असंच माझं म्हणणं आहे. एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यातली, स्वातंत्र्यापूर्वीची गाडी असेल तर ती तोडणं म्हणजे ताम्रपट वितळवणं. पद्मिनी मात्र तीन दशकांच्या वर बनत होती. तिच्यात एकीचा भाग दुसरीला बसतो. हे तिचं बळ आहे आणि ते वापरलं पाहिजे.

तरीही मन तयार होत नव्हतं. ऋत्विक घटकांचा "अजांत्रिक" मी कॉलेजात असताना पाहिला होता. १९५८चा, बंगाली. टॅक्सीवाला बिमल आणि त्याची १९२०ची शेवरोले, जगद्दल. तो तिच्याशी बोलतो, तिच्यावर रागावतो आणि शेवटी ती भंगारवाल्याच्या गाड्यावरून जाते. चित्रपटगृहात मी रडलो होतो. आमची पद्मिनी तशी गेली तर काकूंना काय वाटेल, हे मला त्या आठवणीवरून कळत होतं.

तिढा सुटला तो एका शब्दानं, आणि तो काकूंनी दिला. आमच्या गल्लीत पाच-सहा वर्षांपूर्वी एक जुना वाडा गेला. धाब्याचा, सागवानी खांबांचा. तो पाडला असं कुणी म्हणत नाही. उतरवला असं म्हणतात. उतरवणारे लोक वेगळे असतात. ते आधी खडूनं प्रत्येक खांबावर, तुळईवर, चौकटीवर आकडा घालतात. मग वरून खाली, ज्या क्रमानं बांधला त्याच्या उलट क्रमानं एकेक लाकूड खाली घेतात. घण वापरत नाहीत, खुंट्या ठोकून काढतात. त्या वाड्याचे खांब आता दुसऱ्या कुणाच्या नव्या घराच्या ओसरीत उभे आहेत. काकू म्हणाल्या, "गाडी तोडायची न्हाई. उतरवायची."

भंगारवाला तोडतो तेव्हा गॅसकटर लावतो. त्याला वजन हवं असतं. साधारण नऊशे किलोची गाडी, किलोवर भाव. काच फुटली तर त्याचं काही जात नाही. बिजागरीसकट खांब कापला तर दार कायमचं निकामी, पण वजन तेवढंच. आणि कागदांचा फार मोठा धोका आहे, तो प्रत्येक घरानं ओळखावा. गाडी भंगारात देताना नंबरपट्टी, चासी नंबरचा तुकडा नि नोंदणी पुस्तक मागणारा माणूस भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवावं. त्या कागदांवर चोरीची गाडी उभी राहते आणि पोलीस तुमच्या घरी येतात. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या तोडण्यासाठीच बदनाम होता, २०२१च्या डिसेंबरात तो बंद पाडावा लागला. गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची, असं मोटार वाहन कायद्याचं ५५वं कलम सांगतं. सप्टेंबर २०२१च्या नियमांनुसार आता नोंदणीकृत भंगार केंद्रंही आहेत. तिथं गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि चासी नंबरचा तुकडा कापून जपून ठेवला जातो. आमचा सांगाडा तिकडंच जायचा हे ठरलं. चौघी बहिणींच्या सह्या मी स्वतः जाऊन आणल्या. थोरल्या आत्यांनी सही करायच्या आधी विचारलं, "शीट तरी ठेवताय न्हवं?"

दसऱ्यानंतर दोन दिवस गाडी उतरवली. मिस्त्री, त्यांचा नातू, चुलतभाऊ आणि मी. आदल्या रात्रीच सगळ्या बोल्टांवर डिझेल सोडून ठेवलं होतं. नव्वद पानी वही घेतली. एका बाजूला आकडा, दुसरीकडे भागाचं नाव, तिसरीकडे अवस्था. प्रत्येक भागाला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधायचा आणि मोबाइलवर फोटो घ्यायचा. मिस्त्रींनी घाई करू दिली नाही. बिजागरीचा एक बोल्ट फिरेना तेव्हा नातवानं घण उचलला. त्यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, बोल्टच्या डोक्यावर हलक्या हातानं सातआठ टिचक्या मारल्या, पुन्हा डिझेल सोडलं आणि म्हणाले, चहा घेऊन या. चहानंतर बोल्ट रिंगपान्यानं सुटला. समोरची काच काढायला दोन तास गेले. तिचं रबर वाळून दगड झालं होतं, ते ब्लेडनं पट्टी-पट्टी कापलं आणि आतून दोघांनी तळवे लावून काच बाहेर घेतली. ती गोधडीत गुंडाळली.

दुपारी काकूंनी बाजार आमटी केली. करकंबची ही आमटी सगळ्या डाळींची, झणझणीत. भाकरी कुस्करून तिच्यात बुडवायची आणि घाम पुसत खायची. मिस्त्री तीन भाकरी जेवले. अण्णांच्या वेळीही गाडी खोलली त्या दिवशी हीच आमटी होती, असं त्यांनी आठवणीनं सांगितलं.

संध्याकाळी दारांच्या आतले पुठ्ठे काढले. उजव्या पुढच्या दाराच्या पुठ्ठ्यामागे पत्र्यावर तेलखडूनं मोठा १ घातला होता. डाव्या पुढच्यावर २. अक्षर अण्णांचं. मागची दोन्ही दारं कोरी. म्हणजे त्यांनी आकडे घालायला घेतलं होतं. चुलतभाऊ बराच वेळ त्या २ समोर उभा राहिला. मग वही मागून घेतली आणि पुढची पानं त्यानंच लिहिली.

वहीत एकशे चौदा नोंदी झाल्या. समोरची काच आणि हँडगिअरची दांडी सांध्यांसकट पुण्याला गेली, तिथं ती बसलीही. गिअरबॉक्स नि कार्ब्युरेटर फलटणला. चारही दारं, त्यातली दोन आकड्यांची, बार्शीच्या एका शिक्षकांकडे. त्यांच्या पद्मिनीला ट्रॉलीनं धडक दिली होती. मागचा ॲक्सल शेजाऱ्यांनी मागितला. आपल्याकडे उसाच्या बैलगाड्यांना असे जुने ॲक्सल नि टायर घालण्याची रीत आहे आणि हमरस्त्यावर नाही तरी बांधावर तो अजून तीस वर्षं फिरेल. किमती आम्ही फार ताणल्या नाहीत. अट एकच ठेवली की भाग गाडीतच बसला पाहिजे. महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्यानं पुढचा अख्खा तोंडवळा, दिवे-जाळीसकट कापून भिंतीवर लावायला मागितला. पैसे सगळ्यांत जास्त तोच देत होता. काकूंना विचारायचीही मला गरज वाटली नाही. जाळी आणि दिवे आता वेगवेगळ्या दोन गाड्यांना लागले आहेत.

ज्यांच्या शेडमध्ये अशी गाडी आहे त्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. पट्टीला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, कागद काढून बघा, इंजिन नंबर जुळतो का बघा. पत्रा शाबूत आणि कागद जिवंत असतील तर तिचा एक बोल्टही सुटा विकू नका. दोन पैसे कमी आले तरी चालतील, पण जो पुरी करेल त्याला ती सगळ्या डब्यांसकट, अख्खी द्या. तसं नसेल तर आता उतरवा, ज्याला तिच्यातला एकेक बोल्ट ओळखता येतो असा मिस्त्री तुमच्या गावात आहे तोवर. आणि गाडी खोलायला घेतलेल्या माणसानं वही लिहावी. घरच्यांना सांगावं की ब्लॉक कुठं दिलाय, पैसे कुठं अडलेत, मन कुठं मोडलंय. अण्णांनी सांगितलं असतं तर आम्ही पाच पुतणे होतो. सोलापूर काही लांब नव्हतं.

सांगाडा न्यायला दिवाळीनंतरचा दिवस ठरला आहे. त्याआधी चासी नंबरचा ठसा लागतो. बॉनेटखालच्या पत्र्यावरचा गंज मी पॉलिश पेपरनं हलकेच घासला, चिंधीनं पुसला, त्यावर पातळ कागद धरला आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासली. काळ्यातून एकेक आकडा पांढरा वर आला. काकू शेजारी उभ्या होत्या. कागद उचलल्यावर त्या म्हणाल्या, "अजून एक काढ." दुसरा ठसा त्यांनी हातात घेतला, चष्मा लावून आकडे वाचले, घडी न घालता ओसरीवर नेला. तिथं आता गाडीची पुढची सलग सीट भिंतीला टेकवून ठेवली आहे. तिच्यावर बसून त्यांनी तो कागद मशीनशॉपच्या पावतीशेजारी, डब्यात ठेवला.